वाट विचारा : तोरण्यावरून राजगडाकडे

गेल्या महिन्यात एका उत्तराच्या शेपटीला मी सहज लिहून गेले की तोरणा ते राजगड ही डोंगरधार एका दिवसात होते. ते वाक्य मला चांगलेच महागात पडले. पत्रांचा गठ्ठा घरी आला आणि त्यातली निम्मी पत्रे याच धारेबद्दल निघाली. म्हणून या वेळी दुसरा विषय नाही. पाच पत्रे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्या बाईंनी प्रश्न नीट विचारलाय.

ताई, मी ४४ वर्षांची, मुलगी १५ ची. दोघींनी कळसूबाई केले आहे, सिंहगड तर महिन्यातून दोनदा होतोच. डिसेंबरात तोरणा-राजगड एका दिवसात करायचे मनात आहे. नवरा म्हणतो, दोन दिवस घ्या नाहीतर जाऊच नका. तो स्वतः येणार नाही, त्याला फक्त मत आहे. एका दिवसात जमेल का? आणि धारेवर भीती वाटण्यासारखे नेमके काय आहे? – एक आई, चिंचवड

जमेल. पण सिंहगडाच्या हिशेबाने नाही. सिंहगडावर चढलात, झुणका-भाकरी खाल्लीत, की दिवस संपला. इथे पायथ्याच्या वेल्हे गावातून तोरण्याच्या बिनी दरवाजापर्यंत छातीवरचा चढ चढून जाल, तिथे लोक फोटो काढून ‘झाला ट्रेक’ म्हणतील आणि तुमचा दिवस तिथून पुढे सुरू होईल.

मी ३१ वर्षे बँकेत रोखपाल होते, तेव्हा मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मोजूनच सांगते. तोरणा १४०३ मीटर, राजगडाचा बालेकिल्ला १३७६ च्या आसपास. म्हणजे कागदावर फरक २७ मीटर, तुमच्या इमारतीइतका. मधली धार मात्र भुतोंड्याच्या खिंडीत चांगलीच खाली बसते आणि तिथून राजगडाच्या संजीवनी माचीपर्यंत गमावलेली उंची परत कमवावी लागते. सरळ रेषेत दोन गडांत सात-आठ किलोमीटर अंतर आहे. पायाखालचे त्याहून बरेच जास्त भरते आणि आधीचा चढ, शेवटचा उतार धरला तर संपूर्ण दिवस जातो.

डिसेंबरात सातच्या सुमाराला उजाडते आणि सहाला दिवस मावळतो. अकरा तास उजेड. म्हणून वेल्ह्यातून पहाटे पाचला, डोक्याला बॅटरी लावून निघायचे. माझी वेळ अशी पडते: साडेसातला मेंगाई देवीच्या देवळापाशी, तिथेच डबा. साडेआठला बुधला माची. साडेबाराला खिंड. अडीचला राजगडाचा अळू दरवाजा. हे दोघी-तिघींच्या गटाचे गणित. दहा जण असाल तर एकेकाच्या बुटाच्या नाडीला पाच मिनिटे धरा आणि तारीखच बदला.

तोरण्यावर एक गंमत होते. राजगड आग्नेयेला अगदी समोर दिसतो, आणि त्याच्याकडे पाठ करून पश्चिमेला बुधल्याच्या दिशेने चालावे लागते. नवखी मंडळी इथे हमखास वाद घालतात. पूर्वेला झुंजार माची आहे, ती दिसायला राजगडाच्या बाजूला. पण धार तिकडून नाही. बुधला म्हणजे पूर्वी तेल ठेवायचा तो बुधला. तो पालथा घातल्यासारखा सुळका आहे, नाव शोधायला लागत नाही. त्या बाजूने गड सोडायचा.

आता भीतीचे. पहिली जागा तिथेच. कातळ तुटलेला आहे आणि लोखंडी शिडी आहे. शिडी उतरताना तोंड कातळाकडे, सॅकचे सगळे पट्टे आवळलेले, पाण्याची बाटली बाजूच्या जाळीत लोंबकळत नको. मुलीला आधी उतरू द्या, तुम्ही वर थांबा. शिडी रिकामी झाल्याशिवाय दुसरीने पाय ठेवायचा नाही. वरच्या बुटाने उडालेला खडा खालच्या कपाळावर बसलेला मी पाहिला आहे.

दुसरी भीती शिडीसारखी दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. धारेवर उताराचे जे टप्पे येतात त्यांवर मुरूम सुटलेला असतो आणि त्यावर वाळलेले गवत आडवे पडलेले. फरशीवर ज्वारी सांडली आणि वर कुणी सतरंजी टाकली, त्यावरून चालायचे, असे समजा. आपला सह्याद्री असाच रचलेला आहे: टणक कातळाचा थर, त्याखाली भुसभुशीत, पुन्हा कातळ. कातळावर कडा उभा राहतो आणि भुसभुशीत थरावर हा घसारा. इथे माणूस घाबरून मागे रेलतो, टाच टेकतो आणि बसकण मारतो. करायचे उलट. गुडघे थोडे वाकवून, वजन पुढे, पाय आडवा, छोटी पावले. गवताला धरायचे नाही, ते मुळासकट हातात येते. कारवीच्या झुडपाचा बुंधा मात्र इमानदार असतो. मुलीला हे घराजवळच्या एखाद्या टेकडीवर दोन रविवार करून दाखवा. सिंहगडाची पायवाट यासाठी फार सभ्य आहे.

तिसरे दृष्टीभय, म्हणजे खोली पाहून डोळे फिरणे. काही ठिकाणी धार निमुळती होते. डावीकडे कानंद खोरे, उजवीकडे वेळवंडीचे खोरे आणि लांबवर भाटघरच्या जलाशयाचे पाणी. वाट एका माणसापुरती पुरेशी आहे, पण बाजूला पाहत चालायची नाही. पाहायचे तर थांबायचे. पाहाच, कारण ते पाणी सकाळी साडेनऊला कथलाच्या पत्र्यासारखे दिसते आणि दुपारी बघवत नाही.

आणि मग पाणी, प्यायचे. धारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. माणशी चार लिटर, वेल्ह्यातून भरून. जड होते, माहीत आहे. मी ही धार अकरा वेळा चालले आणि दोनदा अर्धवट सोडली, त्यातली एक पाण्यामुळे. मार्चचा शेवटचा आठवडा होता. माझाच हट्ट, कारण मार्चअखेरच्या कामातून एक रविवार सुटला होता. तिघी होतो आणि मी सगळ्यांना अडीच लिटर पुरेल म्हणून सांगितले होते. अकराला माझ्या मैत्रिणीचे बोलणे अडखळायला लागले, घाम यायचा थांबला आणि ती हसायला लागली. त्या हसण्याने माझ्या पोटात गोळा आला. तिला कारवीच्या तोकड्या सावलीत बसवले, आमच्या बाटल्यांतले उरलेले घोट तिला पाजले, ओढणी भिजवायलाही पाणी ठेवले नाही. खिंडीच्या अलीकडे एका धनगराच्या झापाशी पोचलो. तिथल्या आजींनी प्रश्न एकच विचारला, ‘उन्हाच्या कशाला येता गं?’ आणि कळशीतले पाणी आधी तिच्या मानेवर ओतले, मग प्यायला दिले, मग ताक. पैसे घेतले नाहीत. मी ठेवले तर रागावल्या. राजगड समोर होता. आम्ही डांबरी रस्त्याने खाली गेलो.

त्या दिवसापासून माझा खिंडीचा नियम आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तोच. या धारेला मध्यावर एक दार आहे: भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता धार ओलांडतो ती खिंड. तिथे रस्त्यावर बसायचे, बूट काढायचे आणि घड्याळ बघायचे. एकच्या आत पोचलात आणि दोघींकडे मिळून तीन लिटर पाणी उरले असेल तर पुढे जा. दीड वाजला असेल आणि मुलगी ताजीतवानी असेल तरी उतरा. कारण खिंडीनंतर राजगडापर्यंत सोयीची सुटका नाही, आणि पुढचा चढ दुपारच्या उन्हातला आहे. संजीवनी माची त्या चढावर पहिल्या दहा मिनिटांत हाताला लागेलशी वाटते. लागत नाही.

तुमच्या यजमानांना मत आहे ना, मग कामही द्या. साडेबाराला गाडी घेऊन खिंडीत बसायला सांगा, सोबत दहा लिटर पाणी आणि मोसंबी. पुढे गेलात तर तेच गाडी फिरवून राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला येतील. एका दिवसात की दोन दिवसांत हा वाद तिथेच मिटेल, आणि त्यांना आयुष्यभर सांगायला होईल की त्यांच्यामुळे ट्रेक झाला.

अळू दरवाजातून आत शिराल तेव्हा घाई करू नका. संजीवनी माची अडीच किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि तिचा तट दुहेरी: बाहेर एक भिंत, आत एक, मध्ये माणूस उभा बुडेल असा खंदकासारखा बोळ. चिलखती तटबंदी म्हणतात ती हीच. बाहेरचा बुरूज पडला तरी आतला लढतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले त्यांत राजगड आहे. तोरणा नाही. मला तोरण्याच्या वतीने थोडे वाईट वाटले. तोरण्यावर सापडलेल्या धनातूनच मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला असे सांगतात. ज्याच्या पैशाने घर बांधले त्याचे नाव पाटीवर नाही, असे आपल्या घरांतही असतेच.

बालेकिल्ला हा माथा. तो करायचा की नाही हे माचीच्या टोकाला ठरवा. तिथली वाट उभी आहे, आधाराला रेलिंग आहे, आणि दमलेल्या पायांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. साडेतीनच्या आत पायथ्याशी असाल तर चढा. महादरवाजातून आत, वर चंद्रकोरीच्या आकाराचे तळे, आणि पश्चिमेला तोंड करून उभ्या राहिलात की सकाळपासूनची सगळी धार एका नजरेत येते. मुलीला तिथे बोटाने दाखवा, शिडी कुठे होती ते. पहिल्या वेळी माझा विश्वास बसला नव्हता.

मग पद्मावती माचीवरून, चोर दरवाजाने गुंजवण्याला उतरा. सहाला बॅटरी पुन्हा डोक्याला.

ताई, हा प्रश्न घरी कुणाला विचारता येत नाही. गटात बारा मुलगे आणि आम्ही दोघी. पाळी त्याच आठवड्यात येणार. धारेवर आडोसाच नाही म्हणतात. जाऊ की नको? – वय २३, सोलापूर

जा. पाळीमुळे धार उंच होत नाही. पोटात फार दुखणाऱ्यांपैकी असाल आणि पहिलाच दिवस असेल तर मात्र पुढची तारीख घ्या, कारण अशा वेळी आपण पाणी कमी पितो, लघवीला जायला नको म्हणून, आणि त्यानेच चक्कर येते. हे मी माझ्या विशी-तिशीत वर्षानुवर्षे केले आणि दर वेळी डोके धरून घरी आले. वाईट सवय आहे.

आडोसा आहे. धारेवर झाडीचे पट्टे मध्येमध्ये येतात. गटात सकाळीच सांगून टाका की आम्ही दोघी ‘मागे’ म्हटले की सगळ्यांनी पुढच्या वळणावर जाऊन थांबायचे, वळून बघायचे नाही. एकदाच स्पष्ट सांगितले की मुलगे नीट वागतात. न सांगता तुम्ही दोघी मागे राहिलात की तेच काळजीने परत येतात आणि सगळ्यांचीच पंचाईत होते. एकीने आडोशाला जायचे, दुसरीने वाटेवर. कड्याच्या बाजूला जायचे नाही, गवत कुठे संपते ते दिसत नाही.

वापरलेले पॅड वर्तमानपत्रात, मग जाड पिशवीत, चिमूटभर चहाची पावडर टाकून म्हणजे वास येत नाही, आणि घरी परत. पुरायचे नाही, डुकरे उकरतात. देवळाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचारणार होतात हे अक्षरावरून कळले. मेंगाईच्या देवळाच्या सावलीत मी सगळ्या दिवसांत बसून डबा खाल्ला आहे. देवी बाईच आहे.

मागच्या अंकात तुम्ही स्थानिक वाटाड्या घ्या असे लिहिले. मोबाइलवर कुणाचाही जुना ट्रॅक उतरवून घेता येतो, मग पैसे का घालवायचे? – एक अभियंता, पुणे

माझी अर्धवट सोडलेली दुसरी वेळ खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती.

मोबाइलवर ट्रॅकची रेघ होती. रेघ बरोबर होती, आम्हीही रेघेवर होतो, फक्त रेघ कड्याच्या वरून गेली होती आणि आम्ही कड्याच्या खालून. वरून बघणाऱ्या नकाशाला दोन्ही सारखेच. एका टेपाडाला वळसा घालून जाणारी मळलेली वाट दिसली, वर चढण्यापेक्षा बरी वाटली, शिरलो. ढोरवाट होती. ढोरवाटेची खूण अशी की ती सुरुवातीला माणसाच्या वाटेपेक्षा रुंद असते आणि मग एकदम चार वाटा होतात, कारण गुरांना कुठेच पोचायचे नसते, चरायचे असते. पाऊण तास कारवीत अडकलो, हात ओरबाडले, मोबाइल उन्हात तापून बंद पडला. परत फिरून धारेवर येईपर्यंत पावणेदोन. खिंडीचा नियम माझाच, उतरावे लागले. चूक माझी होती, रेघेची नव्हती.

पुढच्या खेपेला वेल्ह्यातला एक मुलगा सोबत घेतला. त्याच टेपाडाशी तो क्षणभरही थांबला नाही, सरळ वर चढला. मी विचारले, कसे कळले? म्हणाला, ‘मावशी, खाली शेण हाय, वर न्हाय.’ त्याला दिलेल्या पैशांपैकी निम्मे त्या एका वाक्याचे.

तरीही मोबाइल न्या. ट्रॅक आधीच उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा म्हणजे बॅटरी टिकते, आणि खिशात न ठेवता सॅकमध्ये रुमालात गुंडाळून ठेवा. पण वाट दगडावरच्या बाणांवरून आणि शेणावरून शोधा.

बूट कोणते घ्यावेत? बजेट दोन हजार. – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

दुकानात तळवा बोटाने दाबून बघा. रबर जरा दबले पाहिजे. कडक प्लॅस्टिकसारखा तळ कातळावर घसरतो. खाचा खोल हव्यात, मुरुमासाठी. एक नंबर मोठा घ्या, उतारावर अंगठा पुढे आदळतो. नखे आदल्या रात्री कापा. नवे बूट धारेवर पहिल्यांदा घालू नका, पंधरा दिवस कॉलेजला घाला. कंपनीचे नाव विचारू नका, मी सांगत नाही.

वय ६७, गुडघ्यांची तक्रार आहे. तरुणपणी ही धार केली होती, १९८१ साली. पुन्हा एकदा राजगड बघायची इच्छा आहे. मुलगा नको म्हणतो. आणि बालेकिल्ल्यावर मधमाश्यांचे ऐकले, ते काय? – आपला एक जुना भटक्या, ठाणे

काका, नमस्कार. धार नको, राजगड हो. गुंजवण्याची चोर दरवाजाची वाट तुमच्या आठवणीत असेल, ती आता गुडघ्यांना मानवायची नाही. पाली दरवाजाने जा. ती जुनी राजवाट, पायऱ्यांची, रुंद. पायथ्याच्या पाली गावापर्यंत गाडी जाते. दोन काठ्या घ्या, एक नाही. उतरताना दोन्ही हातांवर वजन वाटून जाते. पहाटे निघा, पद्मावती माचीवर देवळापाशी बसा, तलाव बघा, सईबाईंच्या समाधीपाशी जा. बालेकिल्ला खालून छान दिसतो. तुमच्यासारख्याला हे लिहिताना मलाच जड जाते आहे, पण माझेही ५९ सरले आणि गेल्या खेपेला मी तो खालूनच बघितला. मुलाला सोबत न्या. गडावर तोच तुम्हाला विचारेल, बाबा, तुम्ही तिकडून इकडे आलात?

मधमाश्यांचे खरे आहे. आग्या मोहोळे कड्याला असतात आणि पूर्वी पर्यटकांवर हल्ले झाले आहेत. अत्तर, सेंट, उग्र तेल लावून जायचे नाही. चूल, सिगारेट, आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर हात हलवून मारायच्या नाहीत. डोके आणि चेहरा कपड्याने झाकायचा आणि जमेल तितक्या लवकर लांब जायचे, पण कड्याकडे धावायचे नाही. काटा नखाने लगेच खरवडून काढा. श्वास अडकला, ओठ सुजले तर थेट दवाखाना. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती आणि डॉक्टरांचा कागद वरच्या खिशात ठेवा.

जाण्याआधी पालीत कुणाला तरी फोन करून विचारा, मोहोळे कुठल्या बाजूला आहेत. गावात माहीत असते. वाटेत नसरापूरला चहा घ्याल तेव्हा १९८१ मध्ये तिथे काय होते ते मला लिहून कळवा. मी तेव्हा शाळेत होते आणि आमची सहल प्रतापगडाला गेली होती.